टाकी भरलेली, कोंबड्या तहानलेल्या

प्रश्न : आमच्याकडे ना लाइनची वीज, ना नळ. सोलर पॅनेल दिव्यांपुरतं आणि फोनपुरतं आहे, पाणी विहिरीचं. परसात बारा कोंबड्या आहेत. त्यांच्यासाठी वीस लिटरच्या बादलीच्या बुडाला चार निपल (चोचीने पिन हलवली की थेंब सोडणाऱ्या छोट्या तोट्या) बसवले आणि ती खुराड्यात टांगली. काही महिने छान चाललं. मागे एकदा सकाळी बाहेरगावी निघायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतायचं होतं. बादली भरली, धूळ-किडे नकोत म्हणून झाकण घट्ट दाबून बसवलं आणि निघालो. परत येऊन बघतो तर कोंबड्या चोच उघडून धापा टाकतायत, खाद्य बरंचसं तसंच आणि बादली जवळजवळ भरलेली! झाकण मधोमध आत दबलं होतं. ते उचकटलं तेव्हा फुस्स आवाज आला आणि मग निपलला बोट लावल्यावर पाणी यायला लागलं. एकही दगावली नाही, पण अंडी निम्म्यावर आली. यजमान म्हणतात, आता सोलर पंप, पाण्याची पातळी बघणारा सेन्सर आणि फोनवर मेसेज पाठवणारी यंत्रणा बसवू. मला वाटतं उघडं भांडंच बरं होतं. भरवशाचं नक्की काय? आणि पाण्यात व्हिनेगर घालावं का?

उत्तर : ताई, आधी निदान करून टाकू, कारण तुम्ही पत्रात लिहिलेल्या त्या दबलेल्या झाकणातच सगळं उत्तर आहे. निपल ठीक होते, पाणीही ठीक होतं. बादलीने हवा धरली होती. पाणी खालून जातं तेव्हा त्याची जागा घ्यायला वरून हवा आत यावी लागते. झाकण घट्ट बसलं की ती वाट बंद. दोन-चार घोट गेले की वरची कोंडलेली हवा विरळ होते, बाहेरच्या हवेचा दाब झाकणाला आत ढकलतो आणि तोच दाब निपलच्या तोंडाशी पाण्याला आत धरून ठेवतो. कोंबडी चोच मारत राहते, पिन हलत राहते, हाती काही लागत नाही. एरवी तुमचं झाकण सैल असणार, म्हणून महिनोन्‌महिने काही कळलं नाही.

गंमत म्हणजे बाजारात मिळणारा बरणी-थाळीचा साधा ड्रिंकर नेमका ह्याच तत्त्वावर चालतो. उलटी बरणी वरून बंद असते, म्हणूनच थाळीतलं पाणी काठापाशी थांबतं. तिथे जो गुण, तोच निपलच्या बादलीत दोष. उपाय अगदी किरकोळ आहे. बादलीच्या काठाखाली, पाण्याच्या पातळीच्या वर, तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यावर बारीक जाळीचा तुकडा चिकटवा. डास आणि किडे बाहेर राहतील, हवा आत येईल. भोक झाकणाला पाडलं तरी चालतं, पण त्यावर कोणी वीट ठेवली किंवा फडकं टाकलं की पुन्हा तेच. म्हणून मी बाजूला म्हणते.

आता यजमानांच्या यंत्रणेबद्दल. त्यांची काळजी रास्त आहे, पण एक गोष्ट त्यांच्यासमोर ठेवा. त्या दिवशी सेन्सर असता तर त्याने काय मेसेज पाठवला असता? “टाकी भरलेली आहे.” आणि ते खरंच होतं. पातळी बघणारा सेन्सर पाणी आहे की नाही एवढंच सांगतो, कोंबडीच्या घशात उतरलं की नाही हे त्याला कळत नाही. वर पंप आला की बॅटरी आली, वायरच्या जोडण्या आल्या, ढगाळ दिवस आले, पंपाच्या तोंडाशी अडकणारा गाळ आला. ह्यातलं काहीही कधीही बंद पडू शकतं, आणि बहुधा तुम्ही घरी नसतानाच पडतं.

शिवाय बारा कोंबड्यांना पंप लागावा इतकं पाणी लागतच नाही. अंड्यावरची कोंबडी साधारण हवेत दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते, कडक उन्हाळ्यात ते अर्धा लिटर किंवा थोडं जास्तही होतं. म्हणजे तुमच्या सगळ्या कळपाला एरवी तीन लिटर आणि भर उन्हात सहा लिटर. एवढं पाणी वर चढवायला मोटर कशाला? एका हातात बादली मावते. प्रश्न किती पाणी हा नाही, ते क्षणभरही तुटता कामा नये हा आहे. अंड्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून, म्हणजे श्वासावाटे पाणी उडवूनच अंग थंड ठेवते. कोरडं खाद्य गळ्याखालच्या पिशवीत भिजल्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून पाणी तुटलं की खाणंही थांबतं. तुमचं खाद्य उरलं होतं ते ह्यामुळेच. दीड दिवस पाणी तुटणं कोंबडीच्या शरीराला मोठा धक्का असतो. काही जणी पाठोपाठ पिसंही झाडायला लागतात. तशी एखादी दिसली तर ती कित्येक आठवडे अंडं देणार नाही, तिला आजारी समजून औषधं पाजू नका. बाकीच्या हळूहळू रुळावर येतील. चांगलं खाद्य आणि सावली द्या, बाकी काही नको.

माझ्या मते भरवशाची सोय ती, जी बिघडली तर चटकन दिसते आणि बिघडली तरी सगळं पाणी एकदम तुटत नाही. त्यामुळे तुम्हा दोघांपैकी कोणाचीच बाजू मी पूर्ण घेणार नाही. बादली आणि निपल ठेवा, फक्त बादल्या दोन करा. दोन्ही एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या, मधे पाइप नाही, जोड नाही, सामाईक टाकी नाही. एक खुराड्यात, एक बाहेर सावलीत. एकीचा निपल गळून ती रात्रीत रिकामी झाली तरी दुसरीत पाणी असतंच. गळतीला हलकं समजू नका. सेकंदाला एक थेंब पडत राहिला तरी दिवसाला चारेक लिटर जातात, म्हणजे तुमचा अख्खा कळप एरवी दिवसभरात पितो त्याहून जास्त. दोन जागा करण्याचं आणखी एक कारण आहे. प्रत्येक कळपात एखादी दादागिरी करणारी कोंबडी असते. ती पाण्यापाशी ठाण मांडते आणि गरीब बिचारी उन्हात लांब उभी राहते. दोन ठिकाणी तिला एकाच वेळी पहारा देता येत नाही.

निपल कसले हेही बघा. तुमचे बुडाला आहेत, म्हणजे उभे. विहिरीच्या पाण्यातली रेती आणि गाळ खाली बसतो तो थेट त्यांच्याच तोंडात. एक कण पिनेपाशी अडकला की एकतर निपल गळतो, नाहीतर बंद पडतो. दुसऱ्या बादलीला आडवे निपल लावा, जे बादलीच्या बाजूला, बुडापासून चार-पाच सेंटीमीटर वर बसतात. गाळ खाली राहतो, पाणी वरचं येतं. तळचं तेवढं पाणी मात्र वापरात येत नाही, ते हिशेबातून वजा करा. आडवे निपल गळतातही कमी. भोक निपलसोबत दिलेल्या मापाचंच पाडा. मोठं झालं तर टेफ्लॉन टेपचे कितीही वेढे दिलेत तरी ते झिरपतंच. भोक पाडल्यावर आतल्या प्लास्टिकच्या कुसळ्या सुरीने खरवडून काढा. पहिल्याच दिवशी निपल तुंबतो तो बहुतेक वेळा ह्या कुसळ्यांनी.

उंचीकडे लोक लक्षच देत नाहीत. उभ्या निपलसाठी कोंबडीला मान वर ताणून चोच लावावी लागली पाहिजे, कारण थेंब वरून चोचीत पडतो. निपल खाली असला की ती मान वाकडी करून पिते, निम्मं पाणी जमिनीवर सांडतं आणि खालचा भुसा चिंब होतो. आडवा निपल डोक्याच्या उंचीला किंवा किंचित वर ठेवा. ओल्या भुशाचं दुखणं फक्त वासापुरतं नसतं. रक्ती हगवणीचे जंतू, म्हणजे कॉक्सिडिया, विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच रोग पसरवू शकत नाहीत. त्यांना ऊब आणि ओल मिळाली की ते तयार होतात. ड्रिंकरखालचा कायम ओला राहणारा पट्टा ही त्यांच्यासाठी तयार केलेली जागाच. म्हणून रोज सकाळी निपलखालची जमीन बघा. कोरडी असेल तर ठीक. ओली असेल तर तोच तुमचा सेन्सर, आणि त्याला बॅटरी लागत नाही.

बादली उंच ठेवायची म्हणून ती माचाणावर नेऊन लांबलचक पाइप आणायचा मोह आवरा. निपल कमी दाबावर चालतात, पाण्याची हातभर उंची त्यांना पुरते. दाब फार वाढला तर पिन घट्ट बसते, चोचीने हलत नाही, आणि हललीच तर पिचकारी उडते. उन्हात पडलेल्या बारीक काळ्या पाइपमधलं पाणी तर हात लावून बघा. कोंबडी गरम पाणी टाळते, आणि टाळते ती नेमकी तिला सगळ्यात जास्त पाणी हवं असतं त्या दुपारी.

निपलऐवजी कप लावणारेही बरेच आहेत. कपात थोडं पाणी उघडं दिसतं, कोंबड्या चटकन शिकतात, आवाजही नाही. पण त्यात भुसा, माती आणि विष्ठा पडते, ते रोज पुसावे लागतात. बारीक फ्लोटवाला, म्हणजे तरंगत्या तुकड्याने पाणी बंद करणारा कप कचऱ्याने अडकला की तो उघडाच राहतो आणि बादली रिकामी करतो. बेल ड्रिंकर, म्हणजे टांगलेलं घंटेच्या आकाराचं भांडं, मोठ्या पोल्ट्रीसाठी ठीक, बारा कोंबड्यांना अवाढव्य. आणि टाकीतला साधा बॉलकॉक नळाच्या दाबासाठी केलेला असतो, तुमच्या टांगलेल्या बादलीच्या दाबावर तो धड भरतही नाही. फ्लोट बसवायचाच असेल तर कमी दाबाचा, मोठ्या भोकाचा मागा.

तुमच्या उघड्या भांड्यालाही मी नाही म्हणत नाही. तुम्ही घरी असता त्या दिवशी त्याच्यासारखं काही नाही. कोंबडी उघड्या पाण्यात चोच बुडवून मोठा घोट घेते, मान वर करते, पुन्हा बुडवते. निपलवर तेवढंच पाणी घ्यायला तिला बराच वेळ उभं राहावं लागतं. उन्हाळ्यात दुपारी एक रुंद, जड, न कलंडणारं भांडं सावलीत ठेवाच. काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल असं दोन विटांवर, म्हणजे त्या उकरताना त्यात माती उडणार नाही. मात्र रोज घासून भरा, आणि तुम्ही बाहेरगावी जाताना त्याच्या भरवशावर राहू नका. एखादी त्यावर चढली की संपलं. बरणी-थाळीचा ड्रिंकर असेल तर एक लक्षात ठेवा. तो अर्धा रिकामा असताना त्यावर ऊन आलं की आतली हवा फुगते आणि पाणी थाळीबाहेर ढकलते. सकाळी भरलेला ड्रिंकर दुपारी कोरडा दिसला तर कोंबड्यांना दोष देऊ नका. तो पूर्ण सपाट जागेवर, सावलीतच हवा.

तुमच्या बारा जणींपैकी प्रत्येक जण निपलवर पिते का, हे कधी नीट बघितलंय का? बहुतेक जणी एकमेकींचं बघून शिकतात, पण एखादी जुनी, हट्टी कोंबडी उघड्या भांड्यावरच जगत असते आणि ते उचलल्यावर मुकाट तहानलेली राहते. एका सकाळी उघडं भांडं काढून घ्या आणि निपलसमोर बसा. पिनेला बोटाने हलवून चमकणारा थेंब दाखवा, कोंबड्यांना चमकणाऱ्या आणि लाल वस्तूंवर चोच मारायची सवयच असते. कोण पिते, कोण नुसती फिरते, हे तासाभरात कळतं. जी पीत नाही तिला दुपारच्या आत उघडं पाणी परत द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघा. नव्या कोंबड्या आणाल तेव्हाही हेच.

बादली अपारदर्शक घ्या. प्रकाश आत गेला की शेवाळ धरतं. बाहेरून पांढरी किंवा फिक्या रंगाची असेल तर तापणार कमी. पाणी किती उरलं ते कळायला महागडं काही नको. वरून कोरडी काडी बुडवा, ओली खूण बघा. रोज संध्याकाळी एकाच वेळी बघितलंत की कळपाचं रोजचं माप हातात येतं. एखाद्या दिवशी खूण हललीच नाही तर निपलला बोट लावून बघायचं. नेहमीपेक्षा दुप्पट उतरली तर गळती, किंवा उन्हाळा खरंच सुरू झाला. आठवड्यातून एकदा बादली आतून ब्रशने घासा. स्वच्छ दिसते म्हणून सोडू नका. आतल्या भिंतीवर बोट फिरवा, बुळबुळीत लागलं तर जंतूंचा थर धरलाय. घासून, खळबळून, उन्हात पूर्ण वाळवून मग भरा. दोन बादल्यांचा इथेही फायदा, एक वाळत असते तेव्हा दुसरी चालू असते.

तुमची विहीर आहे म्हणून पावसाच्या पाण्याचं थोडक्यात सांगते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. सहा चौरस मीटरच्या छोट्या छपरावर दहा मिलिमीटर पडला तर साठेक लिटर, थोडं सांडणं-उडणं वजा जाता कळपाला भर उन्हाळ्यातला आठवडा सहज निघतो. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्या, त्यात छपरावरची धूळ आणि रानपाखरांची शीट असते. रानबदकं उतरतात अशा तळ्याचं पाणी कोंबड्यांना देऊ नका. बर्ड फ्लूचा विषाणू त्यांच्या विष्ठेतून पाण्यात येतो आणि थंड पाण्यात बरेच दिवस टिकतो. पाण्याबद्दल शंका असेल तर आधी फडक्यातून गाळा. मग पाच टक्क्यांच्या बिनवासाच्या ब्लीचचे लिटरमागे दोन थेंब घाला आणि अर्धा तास थांबा. रक्ती हगवणीच्या जंतूंवर ह्याचा उपयोग होत नाही, तिथे जमीन कोरडी ठेवणं हाच मार्ग. थंडीत पाणी गोठत असेल तर निपलची धातूची पिन सगळ्यात आधी गोठते. त्या दिवसांत जाड रबरी घमेलं आणि दिवसातून दोनदा ताजं पाणी, दुसरं काही करत बसू नका.

बाहेरगावी जायचं असेल तर हिशेब भर उन्हाळ्याचा धरा, म्हणजे दिवसाला सहा लिटर. दोन बादल्या मिळून चाळीस लिटर. त्यातली एक पूर्ण वाया गेली आणि उरलेलीचं तळचं पाणी धरलं नाही, तरी जवळजवळ तीन दिवस निघतात. जायच्या आधी एकदा घरीच राहून दोन दिवस पाण्याला हात लावायचा नाही, असं करून बघा. काडीची खूण रोजच्याइतकीच उतरली तर खुशाल जा. दोन दिवसांपेक्षा जास्त जाणार असाल तर कितीही चांगली सोय असो, कोणीतरी येऊन बघायलाच हवं. पाण्याशिवायही कोंबड्यांची शंभर कामं असतात. येणाऱ्याला एवढंच सांगा की आल्यावर आधी प्रत्येक निपलला बोट लाव, मग अंडी गोळा कर.

यजमानांना यंत्राची हौस असेल तर विहिरीतून घरच्या टाकीत पाणी चढवायला सोलर पंप जरूर बसवू द्या. तिथे तो कामाचा आहे, शेंदण्याचे श्रम वाचतील. टाकी आणि कोंबडीची चोच ह्यांच्यामध्ये मात्र तुमचा हात आणि बादली एवढंच राहू दे.

राहिलं व्हिनेगर. गरज नाही. त्याने पाणी थोडं आंबट होतं, शेवाळाला जरासा आळा बसतो, पण रोग बरा होत नाही आणि घासण्याचं काम टळत नाही. निपलच्या बारीक भोकात उलट त्याचाच चिकट थर धरू शकतो. उन्हाळ्यात आंबट पाणी कोंबड्या कमी पितात, तेव्हा तर नकोच. तरीही एखाद दिवस घालायचंच असेल तर लिटरमागे चमचाभर, उघड्या प्लास्टिकच्या भांड्यात. जस्ताच्या पत्र्याच्या बादलीत कधीही नाही, आंबट पाण्यात जस्त उतरतं आणि ते कोंबड्यांच्या पोटात जातं.